परदेशच्या पैशाचा पत्ता

वसई रोड स्टेशनाला रेल्वेच्या दप्तरात 'बी एस आर' ही तीन अक्षरे लावलेली आहेत. आरक्षणाच्या तिकिटावर ती आपण पाहतो, परंतु 'वसई'त 'ब' कोठून आला, असे क्वचितच कोणी विचारतो. ती अक्षरे 'बॅसीन रोड'ची आहेत. पोर्तुगीजांनी वसईचे जे नाव केले, त्याचे इंग्रजी रूप म्हणजे बॅसीन. चिमाजीअप्पांनी १७३९ मध्ये किल्ला घेतला, १९४७ मध्ये इंग्रज गेले, पाटीवर 'वसई' आले, २००९ मध्ये येथे महानगरपालिका झाली आणि २०१४ मध्ये आपण ठाणे जिल्ह्यातून निघून पालघर जिल्ह्यात आलो. पण रेल्वेने एकदा लावलेली खूण काही बदलली नाही. नावे लोकांची असतात, खुणा दप्तराच्या असतात, आणि दप्तर सहसा हलत नाही.

परदेशातून आपल्या घरी जो पैसा येतो, त्याच्या कागदावरही अशाच खुणा असतात. लोक त्यांना 'स्विफ्ट कोड' म्हणतात. स्टेट बँकेचा घ्या: एस बी आय एन, आय एन, बी बी. पहिली चार अक्षरे बँकेची, पुढची दोन देशाची, शेवटची दोन ठिकाणाची. एखाद्या शाखेचा वेगळा निर्देश करावयाचा असेल तर आणखी तीन अक्षरे जोडतात; मुख्य कार्यालय अभिप्रेत असेल तर तेथे एक्स एक्स एक्स लिहितात. म्हणजे आठ किंवा अकरा अक्षरे झाली. यातले 'बी बी' मुंबईचे, आणि ते बॉम्बेच्या दिवसांतले. शहराचे नाव १९९५ मध्ये अधिकृतपणे मुंबई झाले, तरी कोडमधले बॉम्बे तसेच राहिले. बँक ऑफ महाराष्ट्रचे मुख्य कार्यालय पुण्याला आहे, पण तिच्याही कोडमध्ये 'बी बी'च आहे, कारण परदेशी व्यवहाराचे दार मुंबईत. नंदाखाल, निर्मळ, भुईगाव, सोपारा येथली एखादी आई मुलाने कुवेतहून पाठविलेला कागद घेऊन विचारते, "खाते तर माझे वसईला, मग येथे मुंबई का?" तेव्हा तिच्या प्रश्नात काही अडाणीपणा नसतो. तो इतिहासाचाच प्रश्न आहे आणि आज मला त्याचेच उत्तर द्यावयाचे आहे.

दूरच्या माणसाला पैसे पाठवावयाचे, पण पैसे स्वतः हलवावयाचे नाहीत, ही युक्ती फार जुनी आहे. आपल्याकडे तिचे नाव हुंडी. पेशवाईत मुलुखाचा वसूल पुण्याला यावयाचा तो बहुधा हुंडीने. सावकार आपल्या दुसऱ्या गावच्या आडत्यावर चिठ्ठी लिहून देई. वाटेत लूटमार झाली तरी दरोडेखोराच्या हाती कागदच लागे. दाखविताच पैसे द्यावयाची ती दर्शनी हुंडी, मुदतीनंतर द्यावयाची ती मुदती. शहाजोग हुंडीचे पैसे बाजारातील प्रतिष्ठित माणसाच्या हातीच द्यावयाचे, ऐऱ्यागैऱ्याच्या नव्हे. हुंडी हरवली तर तिची दुसरी प्रत निघे, तिला पेठ म्हणत. तीही हरवली तर परपेठ. पैसे चुकते झालेल्या हुंडीला खोका म्हणत, म्हणजे ती आता पोकळ झाली.

या हुंडीतली एक गोष्ट मला फार आवडते. रक्कम आकड्यांत लिहीत, अक्षरांत लिहीत, आणि एवढ्यावर न थांबता तिची निम्मी रक्कमही लिहून 'तिची दुप्पट पुरे' असे नमूद करीत. शंभर रुपयांची हुंडी असेल तर निमे पन्नास, त्याचे दुप्पट. एखाद्याने शंभरापुढे शून्य चढविले तर पन्नासाने त्याची चोरी उघडी पाडावी. ज्याला हिशेब येतो अशा कोणालाही हा पडताळा कागदावरच करून पाहता येत असे. त्यासाठी सावकाराच्या आतल्या खोलीत जावे लागत नसे. हुंडी भटविण्याचा जो खर्च येई, त्याला हुंडणावळ म्हणत. पुढे परदेशी चलनाच्या दरालाही मराठी अर्थशास्त्राच्या पुस्तकांनी हाच शब्द लावला. तो आता मागे पडला, ही वाईट गोष्ट झाली. कारण आज लोकांच्या खिशातून हुंडणावळ जाते, पण तिला नावच नसल्याने ती कोणाला दिसत नाही.

सावकाराच्या दारी न जाणाऱ्या गरिबासाठी सरकारने १८८० मध्ये मनीऑर्डर काढली. कोकणाचा निम्मा संसार तिने चालविला असे म्हटले तरी चालेल. गिरणगावातला चाकरमानी पगाराच्या दुसऱ्या दिवशी टपालकचेरीत रांग लावी. फॉर्मच्या खाली एक कूपन असे. त्यावर 'पैसे पाठविले आहेत, म्हातारीला औषध आणावे, बैल विकू नये' एवढा मजकूर मावे. पोस्टमन तो वाचून दाखवी, अंगठा घेई, साक्षीदार घेई आणि नोटा मोजून देई. पैसा ज्याच्या नावचा त्याच्याच हाती पडला की नाही, हे सारा वाडा डोळ्यांनी पाही. १८ जानेवारी १९८२ पासून गिरण्यांचा संप सुरू झाला, तेव्हा मुंबईतला पगार थांबला आणि त्याबरोबर कोकणातल्या किती घरांच्या मनीऑर्डरी थांबल्या, हे ज्यांनी सोसले त्यांना सांगावयास नको.

आता समुद्रापलीकडे जाऊ. १८७० मध्ये समुद्रतळाच्या तारेने मुंबई सुएझमार्गे इंग्लंडशी जोडली गेली आणि तारेने पैसे पाठविण्याची वाट मोकळी झाली. बँकेतले लोक परदेशी रकमेला अजून 'टीटी' म्हणतात. हे टीटी म्हणजे तारेने केलेली पाठवणी. आपल्या देशातली तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली, पण शब्द जिवंत आहे. या तारेत प्रत्यक्ष पैसा जात नसे. जाई तो निरोप. लंडनची बँक मुंबईच्या बँकेस कळवी की अमक्यास इतके द्यावेत आणि आमच्या खात्यात तेवढे नावे टाकावेत. याकरिता बँका एकमेकींकडे खाती ठेवीत, आजही ठेवतात. आपले दुसऱ्याकडे असलेले खाते ते 'नोस्ट्रो', दुसऱ्याचे आपल्याकडे असलेले ते 'व्होस्ट्रो'. हे इटालियन शब्द आहेत, अर्थ 'आमचे' आणि 'तुमचे'. तारेची जागा पुढे टेलेक्सने घेतली. परंतु टेलेक्सचा मजकूर ज्याला जसा सुचेल तसा लिहिलेला असे. प्रत्येक निरोपाला एक गुप्त आकडा जोडून तो खरा असल्याची खात्री करावी लागे. दोन्ही टोकांना कारकून गुप्त कोष्टके घेऊन बेरजा करीत बसत. देवघेव वाढली तशी ही पद्धत अपुरी पडू लागली.

३ मे १९७३ रोजी १५ देशांतील २३९ बँकांनी मिळून बेल्जममध्ये एक संस्था काढली, तीच स्विफ्ट. एखादी बडी अमेरिकन बँक आपलीच पद्धत साऱ्यांवर लादील, ही युरोपातील बँकांची धास्ती त्यामागे होती. मे १९७७ मध्ये पहिला निरोप गेला. प्रत्येक निरोपाचा साचा ठरला, कोणती गोष्ट कोणत्या रकान्यात हे ठरले, आणि साऱ्या बँकांना ठरावीक पत्ते मिळाले. तेच हे कोड. पुढे आंतरराष्ट्रीय मानक म्हणून त्यांना ९३६२ हा क्रमांक मिळाला. येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे: स्विफ्टकडे कोणाचा पैसा नसतो. ती पैसे नेत नाही, चिठ्ठ्या नेते.

ही स्विफ्ट कायद्याने सहकारी संस्था आहे, हे ऐकून वसईकरांस नवल वाटेल. सहकार आपल्याला नवा नाही. १९०४ च्या कायद्यानंतर देशात पतसंस्था निघू लागल्या आणि १९१८ मध्ये मॉन्सिन्योर पी. जे. मोनीस यांच्या पुढाकाराने येथे पतसंस्था निघाली. आजची बॅसीन कॅथॉलिक सहकारी बँक ती हीच, आणि तिच्याही नावात 'बॅसीन' टिकून आहे. परंतु दोन्ही सहकारांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. आपल्या पतसंस्थेत केळीच्या वाडीवाल्याला एक मत आणि मोठ्या ठेवीदारालाही एकच मत. स्विफ्टमध्ये सभासद म्हणजे बँका, आणि ज्या देशाच्या बँका तिचा जितका वापर करतील, तितका त्यांचा भागभांडवलात आणि संचालकमंडळात वाटा. पैसा पाठविणारा गवंडी किंवा खलाशी तेथे सभासद नाही, ग्राहकही नाही. तो केवळ एका रकान्यातला मजकूर आहे.

भारत या जाळ्यात आला तो डिसेंबर १९९१ मध्ये. ते वर्ष आठवा. आदल्या वर्षी ऑगस्टमध्ये इराकने कुवेत घेतले आणि तेथून सुमारे १ लाख ७० हजार भारतीयांना विमानांनी मायदेशी आणावे लागले. ते कमावते हात परत आले, परदेशस्थांनी ठेवी काढून घेतल्या, तेल महागले आणि जुलै १९९१ मध्ये रिझर्व्ह बँकेला जवळजवळ ४७ टन सोने इंग्लंडला तारण पाठवावे लागले. परदेशी राबणाऱ्या कामगाराचा पैसा हा देशाच्या तिजोरीचा केवढा खांब आहे, हे तेव्हा दिल्लीला कळले. २०२४ साली हा पैसा जागतिक बँकेच्या अंदाजाप्रमाणे १२९ अब्ज डॉलर होता आणि कोणत्याही देशाला इतका येत नाही.

बँकांतील यंत्रांविषयी बँकमालक आणि कर्मचारी संघटना यांचा करार १९८३ मध्ये झाला होता. नोकऱ्यांच्या रक्षणासाठी तो लढा योग्यच होता, हे मी संघटनेचा माणूस म्हणून सांगतो. पण त्या टेबलाच्या दोन्ही बाजूंस बसलेल्यांत खिडकीबाहेरचा माणूस नव्हता. यंत्र आले, कोड आले, आणि काय विचारावे हेच त्या माणसाला कळेनासे झाले.

आता त्या आईच्या प्रश्नाकडे येऊ. कोड हा बँकेचा पत्ता आहे, माणसाचा नव्हे. कुवेतची बँक निरोप मुंबईच्या दारावर आणून टाकते. तेथून वसईच्या शाखेपर्यंतचा प्रवास देशी आहे आणि त्याचे कोड निराळे. ते आयएफएससी: अकरा चिन्हे, पहिली चार बँकेची, पाचवे शून्य, पुढची सहा शाखेची. पुष्कळ लहान सहकारी बँकांना स्वतःचा स्विफ्ट कोड नसतो. त्यांचा पैसा एखाद्या मोठ्या बँकेच्या पत्त्यावर येतो आणि 'पुढे अमक्या बँकेतील अमक्या खात्यात जमा करावे' अशी ओळ स्पष्ट लिहावी लागते. ही ओळ गळली की पैसा मोठ्या बँकेत अडकून बसतो. आमच्या कचेरीत असा एक कागद आला होता. मुलाने आखातातून पैसे पाठविले, तेथील कारकुनाने ही ओळ वगळली, आणि तीन आठवडे आईबाप दोन बँकांत फेऱ्या मारीत राहिले. प्रत्येक खिडकीवर त्यांना सांगण्यात आले की पैसे आमच्याकडे आलेले नाहीत.

अशा वेळी काय मागावे, हे माहीत असले पाहिजे. २०१८ पासून अशा प्रत्येक निरोपाला ३६ चिन्हांचा एक क्रमांक लागतो, त्याला यूईटीआर म्हणतात. पाठविणाऱ्याने तो आपल्या बँकेकडून घ्यावा. त्यावरून निरोप कोठे थांबला आहे हे बँकेला पाहता येते. 'चौकशी चालू आहे' या उत्तराने समाधान मानण्याचे कारण नाही.

कोड आणखी एक गोष्ट सांगत नाही, ती म्हणजे हुंडणावळ. निरोपात खर्चाचा एक रकाना असतो. त्यात 'ओ यू आर' असेल तर सारा खर्च पाठविणाऱ्याचा, 'बी ई एन' असेल तर घेणाऱ्याचा, 'एस एच ए' असेल तर दोघांत वाटून. या तीन अक्षरांवरून घरी किती पैसे पोचतील ते ठरते, आणि बहुतेकांना ती दाखविलीही जात नाहीत. डॉलरचा निरोप बहुधा न्यूयॉर्कच्या एखाद्या बँकेतून फिरून येतो. ती मधली बँक आपला वाटा वळता करून घेते. शिवाय रुपयाचा दर बाजारभावापेक्षा थोडा कमी लावला की त्यातही मिळकत. २०० डॉलर पाठवावयास जगात सरासरी सहा टक्क्यांहून अधिक खर्च येतो, आणि साऱ्या वाटांत बँकेची वाट सर्वांत महाग. आखातातून भारतात येणारी वाट पेढ्यांच्या चढाओढीमुळे त्यामानाने स्वस्त आहे, हेही सांगितले पाहिजे. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये ठरविले की हा खर्च २०३० पर्यंत तीन टक्क्यांच्या खाली आणावा. सिंगापूरशी फेब्रुवारी २०२३ मध्ये आपली यूपीआय जोडली गेली आणि तेथून मोबाइलच्या क्रमांकावर पैसे येऊ लागले, ते याच दिशेचे पाऊल.

मजकुराचेही तसेच. मनीऑर्डरीच्या कूपनाप्रमाणे स्विफ्टच्या जुन्या निरोपातही एक जागा होती: चार ओळी, प्रत्येकी ३५ अक्षरे. नोव्हेंबर २०२५ मध्ये देयकांसाठी तो साचा मागे पडून नवा, अधिक सविस्तर साचा आला. बैल विकू नये असे कोणी त्यात लिहीत नाही, तो भाग निराळा.

आता पडताळ्याकडे वळतो. हुंडीत निमे होते. युरोपातील आणि आखातातील खात्यांना जो आयबॅन क्रमांक असतो, त्यातही दोन आकडे केवळ पडताळ्याचे असतात. एक अंक चुकला तरी हिशेब जमत नाही आणि चूक पकडली जाते. भारताने आयबॅन स्वीकारलेला नाही. आणि स्विफ्ट कोडमध्ये पडताळ्याचे अक्षर मुळीच नाही. एक अक्षर चुकले आणि त्या चुकीच्या नावाची दुसरी बँक जगात असली, तर निरोप निमूटपणे तिकडे जाईल. देशातल्या प्रवासातही ऑक्टोबर २०१० मध्ये रिझर्व्ह बँकेने ठरवून दिले की इलेक्ट्रॉनिक पाठवणीत केवळ खातेक्रमांकावरून पैसे जमा करता येतील. क्रमांक बरोबर देण्याची जबाबदारी पाठविणाऱ्याची. पोस्टमन नाव पुकारून, माणूस ओळखून पैसे देई. यंत्राने नाव बाजूस ठेवले आणि आकडा घेतला. पाठविण्यापूर्वी खातेदाराचे नाव दाखविण्याची सोय एनईएफटी आणि आरटीजीएस यांत करावी, असा आदेश निघाला तो एप्रिल २०२५ च्या मुदतीचा, म्हणजे मध्ये चौदा वर्षे लोटली होती.

गरिबाच्या चुकीसाठी नियम असा कडक, पण आतल्या खोलीत काय चालले ते पाहा. फेब्रुवारी २०१६ मध्ये चोरांनी बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेच्या यंत्रात शिरून न्यूयॉर्कला खोटे निरोप धाडले. मागणी सुमारे ९५ कोटी डॉलरांची होती. पत्ते बरोबर, साचा बरोबर, सही म्हणावी तीही यंत्राने बरोबर केलेली. ८ कोटी १० लाख डॉलर फिलिपिन्सला गेले. श्रीलंकेला जाणारे २ कोटी वाचले, कारण 'फाउंडेशन' या शब्दाचे स्पेलिंग चुकले होते आणि मधल्या बँकेने खुलासा मागितला. यंत्राला जे दिसले नाही ते वाचणाऱ्या डोळ्याला दिसले. कर्मचारी कमी करण्याच्या योजना आखणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे.

आपल्याकडे ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर, १९०६ सालच्या जुन्या संस्थेवर, असाच घाला पडला. सुमारे ९४ कोटी रुपये गेले. त्यातले बहुतेक बनावट कार्डांनी देशोदेशींच्या एटीएममधून काढले गेले, आणि सुमारे १४ कोटी स्विफ्टच्या निरोपाने हाँगकाँगच्या एका बँकेत पाठविले गेले. त्याच वर्षी फेब्रुवारीत फोर्टमधील ब्रॅडी हाउसमधल्या पंजाब नॅशनल बँकेच्या शाखेचे प्रकरण बाहेर आले होते. तेथे बाहेरचा चोर नव्हता. हमीचे निरोप स्विफ्टवरून परदेशी जात होते, पण त्यांची नोंद बँकेच्या मुख्य हिशेबयंत्रात होत नव्हती, कारण दोन यंत्रे एकमेकांना जोडलेलीच नव्हती. हे वर्षानुवर्षे चालले. आकडा १३ हजार कोटींच्या वर गेला. रिझर्व्ह बँकेने अशा धोक्याविषयी ऑगस्ट २०१६ पासून बँकांना सावध केले होते, तरी जोडणीची सक्ती आली ती घर जळाल्यावर.

आणि या पत्त्यांच्या वहीतून नावे खोडताही येतात. मार्च २०१२ मध्ये इराणच्या बँकांची नावे गेली, मार्च २०२२ मध्ये रशियाच्या सात बँकांची. इराणच्या तेलाचे पैसे रुपयांत देण्यासाठी आपल्याला कलकत्त्याच्या यूको बँकेत खाते उघडावे लागले. निर्बंध योग्य की अयोग्य हा वाद मी येथे घालीत नाही. परंतु त्या देशांत काम करणाऱ्या माणसाचा पगारही त्याच दाराने येतो, आणि खोडणाऱ्याने त्याला विचारलेले नसते.

आता जे मिळविता येते, आणि एका वर्गाने मिळविलेही आहे, त्याविषयी. आपल्या किनाऱ्यावरची पुष्कळ मुले बोटीवर आहेत. २००६ चा सागरी कामगार करार ऑगस्ट २०१३ पासून जगात अमलात आला आणि भारताने तो ऑक्टोबर २०१५ मध्ये मान्य केला. त्यात पगाराचा काही भाग घरी पाठविण्याचा खलाशाचा हक्क लिहिलेला आहे. त्यासाठी घेतलेला आकार वाजवी असावा असे लिहिले आहे. आणि चलनाचा दर बाजारात चालू असलेला किंवा अधिकृत जाहीर झालेला असावा, खलाशाच्या तोट्याचा नसावा, असेही लिहिले आहे. हे आपोआप लिहिले गेले नाही. खलाशांच्या संघटना त्या टेबलावर बसल्या होत्या.

वालीव-गोखिवऱ्याच्या गाळ्यांतून वेल्डिंग शिकून दुबईला गेलेल्या मुलाला मात्र असा दराचा आणि आकाराचा हक्क नाही. त्याच्यासाठी १९४९ चा स्थलांतरित कामगारांचा आंतरराष्ट्रीय करार, क्रमांक ९७, आहे. त्याच्या नवव्या कलमात कमाई घरी पाठवू देण्याचे बंधन सभासद राष्ट्रांवर घातलेले आहे, पण खर्च किती आणि दर कोणता याविषयी ते खलाशांच्या कराराइतके बोलत नाही. आणि भारताने तोही करार मान्य केलेला नाही.